कॉट नंबर सात

वॉर्डात माणसांचा वास नव्हता.

अठरा कॉट, अठरा पेशंट, आणि वास नाही. तेव्हा माझी सत्तावीस वर्षं नोकरी झाली होती. डोळ्यांवर पट्टी बांधून सोडलं असतं तरी बाळंतिणींचा वॉर्ड कुठला आणि भाजलेल्यांचा कुठला, हे मी नाकानं सांगितलं असतं. फिनेल, लघवीचं भांडं, कुणाच्या तरी घरून आलेला आमटीभात, हे सगळं मिळून इस्पितळ होतं. इथे नुसता ऑइलपेंटचा दर्प होता.

आम्ही दारात पाऊल टाकलं आणि छताचे सहाच्या सहा पंखे एकदम सुरू झाले. अठरा डोकी एकदम आमच्याकडे वळली. मग पाच नंबरचा म्हातारा खोकला. त्याचं झाल्यावर अकरा नंबरचा खोकला.

"उत्तम," देवस्थळी साहेब म्हणाले. "आपल्याकडे तरी असा वॉर्ड पाहायला मिळतो का, सिस्टर?"

"नाही साहेब," मी म्हटलं. ते खरंच होतं.

देवस्थळी साहेब दिल्लीचे बडे अधिकारी, मूळचे वाईचे, निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. मूल्यमापन पथकाचे ते प्रमुख. पथक म्हणजे ते आणि मी. समुद्रापलीकडच्या त्या लहानशा देशाचं नाव मी सांगत नाही. तिथल्या लोकांचा यात दोष कमी, आणि नाव मात्र त्यांचंच खराब व्हायचं. आपल्या सरकारनं त्यांना शंभर कॉटचं इस्पितळ भेट दिलं होतं. दारावर संगमरवरी पाटी होती, तिच्यावर दोन झेंडे आणि एकमेकांत गुंफलेले दोन हात. आता दुसऱ्या एका गावात दोनशे कॉटचं द्यायचं चाललं होतं. पहिलं नीट चालतंय असा दाखला मिळाल्याशिवाय दुसऱ्याला मंजुरी नव्हती. इमारतीचा आणि यंत्रांचा दाखला साहेब देणार, रुग्णसेवेचा मी.

मी एस्तेर रणपिसे. एका जिल्ह्याच्या सरकारी इस्पितळात नर्सिंग ट्यूटर होते. एवढ्या देशातून मलाच का निवडलं, ते मला तिथल्या वॉर्ड सिस्टरला पाहिल्यावर कळलं. ती नीमा होती. नऊ वर्षांपूर्वी आपल्याच सरकारच्या शिष्यवृत्तीवर ती आली होती आणि वर्षभर माझ्या हाताखाली शिकून गेली होती. मराठी ती वर्गात नाही, वॉर्डात शिकली, आयाबायांकडून आणि पेशंटांकडून.

"बाई, लई दिसांनी वो!" ती म्हणाली आणि माझे दोन्ही हात धरून हसली. त्या परक्या देशात, त्या रंगाच्या दर्पात ती मराठी ऐकून माझ्या अंगावर काटा आला. का आला ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

राऊंडला मला एक खोड आहे. मी आधी पेशंटच्या पायाला हात लावते. तोंड खोटं बोलतं, पायांना ते जमत नाही. एक नंबरच्या माणसाचे तळवे लाल मातीनं माखलेले. दोनचेही. तीन नंबरच्या बाईच्या टाचांच्या भेगांत ओली माती. कॉटखाली वाकून पाहिलं तर चपलांना चिखल लागलेला. ही मंडळी सकाळीच चालत आली होती. चार नंबरच्या माणसाच्या पोटरीवर भलं मोठं बँडेज होतं. ते मी बोटानं जरा उचललं. खाली धडधाकट पोटरी.

मला हसू आलं. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक. आपल्याकडे एका खाजगी कॉलेजात मी तीन वर्षं नोकरी केली होती. इन्स्पेक्शनच्या दिवशी तिथे दोन टेम्पो भरून गावकरी यायचे, कॉटवर झोपायचे, पुरीभाजी खायचे आणि संध्याकाळी परत जायचे. एका म्हातारीला तर तीन वर्षं मीच दरवेळी वेगळा आजार दिला होता. तेव्हा इथे मी कुणाला नावं ठेवणार?

मग मी सात नंबरच्या पायाला हात लावला. पाय तव्यासारखा तापला होता.

चाळिशीची बाई. ओठ सुकलेले, जिभेवर पांढरा थर. तिच्या तळव्यांना माती नव्हती. कॉटखाली चपलाही नव्हत्या. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता मनगट पुढे केलं.

मी नाडी पाहायच्या आधी चार्ट उचलला. सवयच तशी. चार तासांनी एकदा ताप आणि नाडी मोजायची आणि ठिपका द्यायचा, खाली रकान्यात आकडा लिहायचा; निळी रेघ तापाची, तांबडी नाडीची. त्या दिवशी मंगळवार होता. चार्टवरचे ठिपके मात्र मंगळवारवर थांबले नव्हते. बुधवार भरलेला होता. गुरुवारही भरलेला होता, संध्याकाळच्या सहापर्यंत. तिथे शेवटच्या ठिपक्याभोवती तांबडं वर्तुळ होतं. पेशंट गेला की शेवटच्या ठिपक्याला वर्तुळ करायचं, ही आमच्या जुन्या मेट्रनबाईंची पद्धत. मीच ती पुढच्या मुलींना शिकवली.

आणि तो चार्ट मी आधी पाहिला होता. अक्षर वेगळं, नाव वेगळं, पण रेघा त्याच. ठिपका न् ठिपका तोच. माझ्या हातातून चार्टची फळी सुटली आणि फरशीवर आपटली. अठरा डोकी पुन्हा एकदम वळली.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"हात घामेजला," मी म्हटलं.

जेवायला आम्ही इस्पितळाच्या डायरेक्टरच्या बंगल्यावर होतो. डायरेक्टर फोन घ्यायला आत गेले तसं मी मराठीत बोलून टाकलं.

"साहेब, हे सगळे पेशंट खोटे आहेत."

"हळू बोला. आणि मासा चांगला आहे, घ्या."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे?"

"गेल्या वर्षी आलो तेव्हा तो पाच नंबरचा म्हातारा नऊ नंबरला होता," साहेब काटा काढत म्हणाले. "खोकला मात्र तोच."

"मग हे बांधलं कशाला? इथे एक डॉक्टर नाही. ऑपरेशन थिएटरच्या टेबलाचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही!"

"बांधायचं होतं म्हणून बांधलं. सिमेंट आपलं, यंत्रं आपली, कंत्राटदार आपला. पैसा आपल्या घरातल्या घरात फिरतो, इमारत तेवढी इथे राहते. वर या देशाचं जगाच्या सभेत एक मत आहे. आपण एवढे अवाढव्य, आपलंही एकच."

"आणि पेशंट?"

"पेशंट या फाइलीत कधीच नव्हते, सिस्टर."

"माझ्या वॉर्डात एका कॉटवर दोघी झोपतात आणि तिसरी खाली सतरंजीवर. हातमोजे आम्ही धुऊन वाळत घालतो."

"म्हणून तुमचा संताप होतोय. माझाही व्हायचा." त्यांनी माझ्या ताटात मासा वाढला. "परवा चार वाजता मंत्री येतील. त्याआधी सही करून टाका."

साहेब वाईट माणूस नव्हते, हे मला आजही सांगावंसं वाटतं. घरी त्यांची अंथरुणाला खिळलेली आई होती आणि रोज सकाळी ते तिला फोन लावून ती काय जेवली ते विचारायचे. पण सात नंबरचं मी त्यांना त्या दिवशी सांगितलं नाही. काय सांगणार होते? हा चार्ट मी ओळखते म्हणून?

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, भर बारा वाजता मी कुणाला न सांगता एकटीच वॉर्डात गेले. आम्हाला त्या दिवशी बंदर दाखवायला नेणार होते. डोकं दुखतंय म्हणून मी मागे राहिले होते.

पंखे बंद होते. उन्हानं फरशी इतकी चमकत होती की डोळे मिटावे लागले. उघडले तेव्हा समोर सतरा रिकाम्या कॉट होत्या. चादरी ताणलेल्या, चारी कोपरे मी शिकवते तसे दुमडलेले. प्रत्येक कॉटच्या पायथ्याशी चार्ट टांगलेला, आणि प्रत्येक चार्टवर त्या दिवशीचे सहा, दहा, दोन, सहा असे सगळे ठिपके देऊन झालेले. दोन वाजायला अजून दोन तास होते.

सात नंबरवर ती बाई होती. एकटीच. मला पाहून तिनं पुन्हा मनगट पुढे केलं.

या वेळी मी नाडी पाहिली. शहाऐंशी. ताप एकशे तीन. मोठ्या तापात नाडी एवढी सावकाश म्हणजे टायफॉइड, हे आमच्या पहिल्या वर्षाच्या मुलीलाही कळतं. पोटाला हात लावला. फुगलेलं, पण मऊ होतं.

"तिचं नाव झैनाबू," मागून आवाज आला. नीमा दारात उभी होती. "बाजारात सुकी मासळी इकती. पंधरा दीस ताप हाय."

"बाकीचे कुठे गेले?"

"घरला. आज तुमी येनार नव्हता न्हवं?"

"आणि ही?"

"हिला कोन सांगनार, बाई? ती खरीच औषिदाला आली. डायरेक्टर म्हनाले, ये, कॉट हाय. तिला वाटतंय हे इस्पितळ हाय."

मी चार्ट उचलून तिच्यापुढे धरला. "हा कुठून आणलास?"

नीमा आत गेली आणि एक वही घेऊन आली. खाकी पुठ्ठ्याची, आपल्याकडची, वर पाढे छापलेली. आत तिच्या नऊ वर्षांपूर्वीच्या अक्षरात तो चार्ट उतरवलेला होता. वर देवनागरीत नाव: हौसाबाई खोत. फीमेल मेडिकल वॉर्ड, कॉट नंबर सात.

"तुमीच दिलावता वर्गात," नीमा म्हणाली. "म्हनालात, नमुना म्हनून उतरवून काढा. येक बी ठिपका इकडं तिकडं नको."

मी म्हटलं होतं खरं. दर वर्षी, दर बॅचला म्हणत होते. हौसाबाई त्याच्याही पाच वर्षं आधी, टायफॉइडनं आतडं फुटून गेली होती. नव्या मेट्रनबाईंनी तिचा चार्ट शिकवण्यासाठी निवडला, कारण त्यातल्या रेघा सुबक होत्या. त्या मी काढलेल्या होत्या.

"पण मरणाचा चार्ट का लावलास, नीमा?"

"कुनीच मरत न्हाई आसं इस्पितळ आसतं का कुठं? पैल्या खेपेला तुमच्या लोकांनीच सांगितलं, आकडे खरे वाटत न्हाईत, येक-दोन जायला पायजेत. माझ्याकडं मेलेल्याचा येकच चार्ट व्हता." तिनं वही छातीशी धरली. "तवापासनं सात नंबरची बाई गुरवारी जाती. दोन बाया झाल्या."

"गेल्या?"

"कागदावर. नाव राजधानीला जातं, तिथं मेली म्हनून लावत्यात. मग धान्य बंद, दाखला बंद. एकीच्या लेकाला शाळंत आई न्हाई म्हनून लिवलं, आन् ती दारात उभी. लोक बी मग जरा लांबनंच बोलायला लागली तिच्याशी. लई हाल झाले दोघींचे." ती झैनाबूकडे न बघता म्हणाली, "म्हनून ह्या खेपंला डायरेक्टर म्हनाले, खरंच आजारी हाय अशी बाई घ्या. म्हंजी मागनं कुनाला तरास न्हाई."

मी मटकन शेजारच्या कॉटवर बसले. ताणलेली चादर विस्कटली. नीमानं मला उठवलं आणि आधी ती चादर सारखी केली.

"औषध काय चाललंय हिला?"

"औषिद हाय की. लई चांगलं हाय. पर सील हाय त्याला."

औषधांची खोली तिनं काचेतून दाखवली. छतापर्यंत खोकी, प्रत्येकावर ते गुंफलेले दोन हात. टायफॉइडची इंजेक्शनं समोरच होती, मला खोक्यावरचं नाव वाचता येत होतं. दाराला लाखेचं सील. भरलेली खोली दाखवायची म्हणून वर्षभर तिच्यातलं काही काढलेलं नव्हतं. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, ही म्हण मी आयुष्यभर हसत हसत वापरली होती. त्या काचेसमोर मला ती पहिल्यांदा कळली. घोड्याला राखण्यात त्यांचे चाळीस लोक गुंतले होते.

संध्याकाळी साहेब परतले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं, चार्टचंही.

"सील उद्या मंत्री तोडणार आहेत, कॅमेऱ्यासमोर," ते म्हणाले. "साठा मोजून मी सही केलीय. आज तोडलं तर पुन्हा मोजणी, पुन्हा तारीख."

"मग तिला बंदरावरच्या मिशनच्या इस्पितळात न्या. तिथे सर्जन आहे, नीमा म्हणते. गाडीनं दोन तास."

"शंभर कॉटच्या इस्पितळातून पेशंट उचलायचा आणि मिशनच्या पत्र्याच्या शेडमध्ये न्यायचा? आणि वर दाखला द्यायचा? उद्या चार वाजेपर्यंत थांबा, सिस्टर. पंधरा दिवस काढलेत तिनं, एक दिवस काढेल."

मी थांबले. हे मी कुणावर ढकलणार नाही. मी भांडू शकले असते, रस्त्यावर जाऊन एखादा टेम्पो अडवू शकले असते. मी मुक्कामावर आले, माझ्या पिशवीतल्या तापाच्या गोळ्या आणि मीठसाखरेचं पाणी तिला पाजून आल्याचं समाधान मानलं आणि झोपले.

गुरुवारी सकाळपासून वॉर्ड पुन्हा भरला होता. खोकल्याची तालीम चालली होती. भिंतीवर झेंडे लागले होते. मी दर अर्ध्या तासानं झैनाबूकडे जात होते. दहाला ताप एकशे तीनच होता. नाडी नव्वद.

दोनला दहा मिनिटं कमी असताना तिनं एकदाच, लहान मुलासारखं, ओरडून पोट धरलं. मी धावत गेले. तिचा चेहरा घामानं डबडबला होता. ताप पाहिला, अठ्ठ्याण्णव. नीमा आनंदून म्हणाली, "उतरला बाई, ताप उतरला!"

पण हे काय आहे ते मला माहीत होतं. तापाची रेघ खाली आणि नाडीची वर, दोघींची फुली पडली की आतडं फुटलं. धावत जाऊन डॉक्टरांना बोलवायचं. ही फुली मी शेकडो मुलींना फळ्यावर काढून दाखवली होती.

मी घड्याळ पाहत चार्ट हातात घेतला. गुरुवार, दुपारी दोन. तिथे तापाचा ठिपका खाली होता. नाडीचा ठिपका होता अठ्ठ्याऐंशीवर. फुली नव्हती.

ते अठ्ठ्याऐंशी खोटं होतं. खोटं मी लिहिलं होतं.

चौदा वर्षांपूर्वी त्या गुरुवारी दुपारी आमच्याकडे मेट्रनबाईंचा निरोप समारंभ होता. खाली हॉलमध्ये जिलबीची ताटं लागली होती. दोनचा राऊंड मी पळत केला. हौसाबाईच्या काखेत थर्मामीटर लावला, ताप उतरलेला पाहिला आणि बरं वाटलं. तिनं मनगट पुढे केलं. "बाई, हात लावून बघा की वो," म्हणाली. "आले हं, मावशी," मी म्हटलं. नाडी पाहिलीच नाही. सकाळी अठ्ठ्याऐंशी होती, म्हणून अठ्ठ्याऐंशीचा ठिपका दिला आणि खाली गेले. सहा वाजता परत आले तेव्हा ती अजून मनगट बाहेर काढूनच पडली होती. ते गार होतं. कुणी मला काही विचारलं नाही. चार्ट व्यवस्थित होता. पुढे तोच नमुना म्हणून माझ्या हातात आला आणि तो नको म्हणायला माझ्याकडे सांगण्यासारखं कारण नव्हतं.

मी झैनाबूचं मनगट धरलं. पूर्ण एक मिनिट मोजलं. एकशे बत्तीस.

मी खिशातलं पेन काढलं, चार्टवरचे अठ्ठ्याऐंशी एका रेघेनं खोडले, वर एकशे बत्तीस लिहिलं, नाडीचा ठिपका वर नेला आणि आकड्याशेजारी दुरुस्तीची छोटी सही केली, ए. र. मग तो चार्ट तसाच घेऊन साहेबांकडे गेले. ते पोर्चमध्ये उभे होते. मंत्र्यांच्या स्वागताच्या तीन पांढऱ्या गाड्या रांगेत लावलेल्या होत्या.

"साहेब, आतडं फुटलंय. आत्ता निघालं तर वाचेल. मला गाडी द्या."

"दोन तासांवर मंत्री आलेत, सिस्टर."

"सहा वाजता ती मरणार आहे. तुमच्याच कागदावर लिहिलंय."

त्यांनी चार्ट पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. त्यांनी बगलेतली फाइल उघडली. रुग्णसेवेचा दाखला टाइप करून तयार होता. सेवा समाधानकारक, नोंदी नियमित व अचूक. सोबत परिशिष्ट, अठरा चार्टांच्या नकला.

"तुम्ही सही केलीत तर तुमचं काम संपलं," ते हळू आवाजात म्हणाले. "मग तुम्ही गाडी घेऊन बंदर बघायला गेलात तरी मला कुणी विचारणार नाही. सही नसेल तर तुम्हाला इथून हलता येणार नाही आणि गाडीलाही नाही. हे मी ठरवलेलं नाही, सिस्टर. पण आहे हे असं आहे."

मी वाचलंही नाही. त्यांच्याच पेननं, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून, पूर्ण नावाची सही केली.

साहेबांनी स्वतः मागचं दार उघडलं. नीमानं आणि मी झैनाबूला चादरीच्या झोळीतून आणलं. चार्ट नीमानं माझ्या हातातून घेतला. "हा हितं लागतो, बाई," ती म्हणाली. गाडी सुटली. मागे वळून पाहिलं तर पोर्चमध्ये, सात नंबरवर झोपायला तिथल्या लोकांनी स्वयंपाकघरातल्या बाईला पुढे काढलं होतं आणि ती नको नको म्हणत मागे सरत होती.

वाटभर मी झैनाबूचं मनगट सोडलं नाही. लाल मातीचा रस्ता, आणि बोटांखाली ते धावणारे ठोके. एकशे चाळीस. मग मोजताच येईनात. मिशनच्या शेडला पत्र्याचं छप्पर होतं, दारात माणसांची गर्दी होती, आणि उतरताच मला तो वास आला, फिनेलचा, लघवीचा, भाताचा. मला रडूच फुटलं. तिथल्या सर्जननं पोटाला एकदा हात लावला आणि तिला सरळ आत घेतलं. मी बाहेर भिंतीवरच्या घड्याळासमोर उभी राहिले. सहा वाजले. सहा वाजून पाच मिनिटं झाली. दहा झाली. साडेसहाला नर्स बाहेर आली आणि तिनं मान हलवली, जिवंत आहे अशी.

झैनाबू वाचली. महिन्यानं पुन्हा बाजारात बसली, नीमानं पत्रातून कळवलं. राजधानीच्या कागदावर मात्र ती त्या गुरुवारी संध्याकाळी सहालाच गेली होती, आणि त्या कागदाच्या पहिल्या पानावर माझी सही होती. तरी मी खूष होते. रेघा खोट्या पाडून एक बाई ओढून आणली, हौसाबाईचं थोडं फेडलं, असं मला वाटायचं. चार वर्षं वाटत राहिलं.

मग नीमाचं दुसरं पत्र आलं. दोनशे कॉटचं इस्पितळ उभं राहिलं होतं आणि ती तिथे मेट्रन झाली होती. पत्रात अभिमान होता. आत एक फोटो होता, नव्या वॉर्डातल्या राऊंडचा. रंग ताजा, चादरी ताणलेल्या. दुप्पट कॉट म्हणून आकडेही दुप्पट लागतात, तिनं लिहिलं होतं, तेव्हा आता पुरुषांच्या वॉर्डातही सात नंबर आहे.

मी भिंग घेऊन फोटोतला चार्ट पाहिला. त्याच रेघा. गुरुवारच्या सहावर तांबडं वर्तुळ. आणि दोनच्या रकान्यात अठ्ठ्याऐंशी खोडलेले, वर एकशे बत्तीस, शेजारी छोटी सही. ए. र.

ती सही मी केलेली नव्हती. नीमानं उतरवून काढली होती, एकही ठिपका इकडे तिकडे न करता. फुली आता स्पष्ट दिसत होती, आणि वॉर्डात कुणाला तरी बोलवायला धावणारं कुणीच दिसत नव्हतं. कॉटवरच्या बाईचा चेहरा फोटोत नीट आला नाही. तिचं मनगट मात्र चादरीबाहेर होतं.